बावन्न वजा अडतीस, ख्रिस्ती घरात

अमेरिकेत २०१० मध्ये ‘कॉमन कोअर’ ही शालेय मानकं आली आणि एकच गणित दोन-तीन रीतींनी सोडवणारी मुलं पाहून पुष्कळ पालक वैतागले. मुलांना घरीच शिकवणाऱ्या काही ख्रिस्ती कुटुंबांत या वैतागाला श्रद्धेचीही धार असते: देवाचं सत्य एक आहे, अनेक रीती शिकवल्या तर मूल उद्या ‘ज्याचं त्याचं सत्य’ म्हणायला लागेल.

काळजी प्रामाणिक आहे, पण तिच्यामागे गैरसमज आहे. ५२ − ३८ घ्या. हातचा घेऊन केलं की १४. ३८ वरून ४० वर जायला २, तिथून ५२ पर्यंत १२, मिळून १४. दोन्ही संख्यांत २ मिळवले तर ५४ − ४०, तरीही १४. उत्तर कुणाच्या मर्जीवर नसतं, हे मुलाला याहून स्पष्ट कसं दाखवणार? हातच्याची रीत नुसती पाठ केलेली मुलं पुष्कळदा लहान अंक मोठ्यातून काढून २६ लिहितात. ३८ पासून पुढे मोजलं की ती चूक तिथल्या तिथे सापडते.

अनेक रीती हे आजचं खूळ, हेही खरं नाही. फ्रान्सिस्कन संन्यासी लुका पॅचोली यांनी १४९४ च्या ग्रंथात गुणाकाराच्या आठ रीती दिल्या. त्याच्या तीन शतकं आधी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त १३५ × १२ हा एकच गुणाकार वेगवेगळ्या रीतींनी केलेला आहे.

श्रद्धेच्या अंगाने मला सर्वांत बोलका वाटतो तो शुभवर्तमानांचा इतिहास. दुसऱ्या शतकात टेशियनने चारही शुभवर्तमानं गुंफून एक सलग ग्रंथ केला आणि सीरियातल्या मंडळ्यांत तो रुळलाही. पाचव्या शतकात बिशप थिओडोरेट यांनी त्याच्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेतल्या आणि त्या जागी चार शुभवर्तमानं ठेवली. सलग ग्रंथात येशूची वंशावळ गाळली गेली होती, हा त्यांचा एक आक्षेप. एकाच प्रभूची साक्ष चौघांनी दिली म्हणून सत्याचे चार तुकडे झाले, असं मंडळीला वाटलं नाही.

जुनी रीत हद्दपार झाली, ही ओरडही चुकीची. प्रचलित रीतीने बेरीज-वजाबाकी चौथीत, गुणाकार पाचवीत आणि भागाकार सहावीत सफाईने यायलाच हवा, असं त्याच मानकांत लिहिलं आहे. तक्रारीत तथ्य आहे ते एवढंच, की प्रत्येक गणित चार-चार रीतींनी लिहायला लावलं तर अडखळणारं मूल आणखी गोंधळतं. घरी एक रीत आधी मुरू द्या, मग दुसरी. दोन उत्तरं वेगळी आली तर बरोबर कोणतं ते लगेच सांगू नका. कुठे चुकलं ते त्यालाच शोधू द्या.