संगणकाच्या आज्ञा : मानकाच्या यादींत कोणत्या असाव्यात?

पूर्वीं लांबच्या प्रवासास निघणारा गृहस्थ तांब्याबरोबर दोरही घेत असे. वाटेवरच्या धर्मशाळेजवळ विहीर असेल अशी त्याची खात्री असे. दोराची मात्र नसे. कशावर भिस्त ठेवावी व काय जवळ बाळगावें, हा हिशेब संगणकासाठीं लिहिणारासही करावा लागतो.

ज्या यंत्रांना अक्षरें टंकून काम सांगतां येतें, तेथें प्रत्येक लहान कामास एकेक आज्ञा असते : फाइलीची नक्कल करणें, ओळी क्रमानें लावणें, मजकुरांत शब्द शोधणें. अशा आज्ञा एकामागून एक लिहून ठेविल्या कीं त्यांची स्क्रिप्ट होते. ती रात्रीं आपोआप चालते आणि एखाद्या कचेरीचे हिशेब दुसऱ्या सुरक्षित जागीं उतरवून ठेवते. हीच स्क्रिप्ट निराळ्या यंत्रावर नेली व तेथें एक आज्ञा नसली, किंवा असूनही वेगळी वागली, तर नक्कल झालीच नव्हती हें बहुधा मूळ हिशेब नष्ट झाल्यावरच कळतें.

१९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत सुरू झालेल्या युनिक्सच्या बाबतींत ही अडचण फार वाढली. १९८० नंतरच्या दशकांत त्याचे दोन मोठे वंश झाले होते : एटी अँड टी कंपनीचा सिस्टीम फाइव्ह आणि बर्कले येथील विद्यापीठाचा. त्यांतून अनेक कंपन्यांनीं आपापलीं रूपें काढलीं. तेव्हां आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनें १९८८ मध्यें पॉसिक्स या मानकाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. आज्ञांची यादी असलेला भाग १९९२ मध्यें आला. आज त्या यादींत, ऐच्छिक धरून, सुमारें दीडशें आज्ञा आहेत.

यादी करणारांपुढें ‘उत्तम आज्ञा कोणती’ हा प्रश्न नव्हता. एखादी आज्ञा आवश्यक ठरविली म्हणजे ती प्रत्येक उत्पादकानें पुरविलीच पाहिजे, आणि तिचें वागणें शब्दांत इतकें नेमकें बांधलें पाहिजे कीं, दोघांनीं स्वतंत्रपणें ती रचली तरी फळ एकच यावें. जेथें दोन वंशांचें वागणेंच जुळत नव्हतें तेथें खरी पंचाईत. ‘एको’ ही दिलेला मजकूर दाखविणारी अगदीं साधी आज्ञा. बर्कलेच्या एकोला ‘उणे एन’ अशी खूण दिली तर ती ओळ संपवीत नाहीं; सिस्टीम फाइव्हची एको तीच खूण मजकूर समजून छापते. एकीस मान्यता द्यावी तर दुसऱ्या पक्षाच्या जुन्या स्क्रिप्ट मोडणार. म्हणून मानकानें एकोला घरांत ठेविलें, पण वादग्रस्त वागणुकीची हमी घेतली नाहीं, आणि नेमक्या कामासाठीं ‘प्रिंटएफ’ ही निराळी आज्ञा यादींत आणिली. ‘सम’ या आज्ञेचेंही तसेंच झालें. फाइल वाटेंत बिघडली नाहीं ना, हें ती एका बेरजेवरून सांगे. पण दोन्ही वंशांतल्या बेरजा निघत वेगळ्या. तेव्हां ‘सीकेसम’ हें नवें नांव व एकच गणित ठरविण्यांत आलें. जुन्या नांवास गुपचूप नवा अर्थ देण्यापेक्षां हें पुष्कळ प्रामाणिक होय.

आपलें आवडतें साधन यादींत नको, असा आग्रह त्याच्या चाहत्यांनींच धरल्याचेंही एक उदाहरण आहे. मजकूर लिहिण्या-सुधारण्यासाठीं ‘व्हीआय’ ऐच्छिक भागांत घेतला गेला. ‘ईमॅक्स’ मात्र घेतला नाहीं. वापरणारानें हवा तसा वाढवावा यांतच ईमॅक्सचें सामर्थ्य. मानकांत बसविल्यास उत्पादक अक्षरशः तेवढाच, न वाढणारा ईमॅक्स देऊन मोकळे होतील, अशी त्याच्या भक्तांना भीति होती. पाठ्यपुस्तकांत गेलेल्या कवितेचें पुढें काय होतें हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास ती भीति पटावी.

यादी गोठलेलीही नाहीं. २०२४ च्या आवृत्तींत, अडकून पडलेलें काम ठराविक वेळानंतर थांबविणारी ‘टाइमआउट’ आणि संदेश निरनिराळ्या भाषांत दाखविण्यास साह्य करणारी ‘गेटटेक्स्ट’ यांना जागा मिळाली. जुन्या फोर्ट्रान भाषेसाठीं असलेली ‘फोर्ट७७’ गेली. मुक्त संगणक-कार्यक्रमांतील मराठी संदेश बऱ्याच ठिकाणीं गेटटेक्स्टच्याच पद्धतीनें पुरविले जातात. ती पद्धत आधीं वर्षानुवर्षें रुळली. मानक मागाहून आलें.

सर्वांत गाजलेला तंटा अनेक फाइलींचें एक गाठोडें बांधण्यावरून झाला. एका पक्षाची ‘टार’, दुसऱ्याची ‘सीपीआयओ’. दोघींचीं गाठोडीं निराळीं, दोन्ही पक्षांच्या सवयी जुन्या. शेवटीं दोन्ही प्रकारचीं गाठोडीं बांधणारी व सोडणारी तिसरीच आज्ञा निर्माण करून तिचें नांव ‘पॅक्स’ ठेविलें. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ शांतता. तह झाला, पण प्रजेनें तो मनावर घेतला नाहीं. २००१ च्या आवृत्तींत टार व सीपीआयओ यांना जागा नव्हती, पॅक्सला होती. लोकांच्या हातांत मात्र टारच राहिली, आणि पुष्कळ लिनक्स यंत्रांवर पॅक्स मुद्दाम मागितल्यावांचून बसविलीही जात नाहीं. जिची हमी कागदावर आहे ती यंत्रावर सांपडेलच असें नाहीं. जी यंत्रावर जवळजवळ हमखास सांपडते तिची कागदावर हमी नाहीं. स्क्रिप्ट लिहिणारानें येथें दोर बरोबर घ्यावा हें बरें. तथापि पॅक्सवर घेतलेले कष्ट वायां गेले नाहींत. तिच्यासाठीं २००१ मध्यें आखलेली गाठोड्याची रचना लांबलचक नांवें व प्रचंड फाइली सामावून घेते, आणि ग्नू प्रकल्पाची टार ती रचना लिहूं व वाचूं शकते.