परक्या दारची ऊब

गेल्या वर्षी संक्रांतीला आमची लेक पुण्याहून जळगावला आली आणि तिळाचा लाडू तोंडात टाकता टाकता म्हणाली, "आई, मे महिन्यात मी जॉर्जियाला चालले आहे. तीन आठवडे. एकटीच."

मला वाटले, अमेरिकेतले जॉर्जिया. "नाही गं, काळ्या समुद्राकाठचा देश."

"तिथे आपलं कोण आहे?"

"कोणी नाही. म्हणून तर जायचं!"

हे उत्तर ऐकून यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. मुलगी एकोणतीस वर्षांची, मिळवती. ती परवानगी मागत नव्हती, नुसते सांगत होती. पण आईच्या जिवाला हे कळेल तर ना! त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. आणि पहाटे एकदम आठवली ती १९९६ सालच्या जानेवारीतली सकाळ.

अजिंठ्याची लेणी आमच्या गावापासून साठेक किलोमीटर. रेल्वेने येणारा प्रवासी लेण्यांसाठी जळगावला उतरतो. त्यामुळे पाठीवर भलेमोठे ओझे घेतलेला गोरा पाहुणा स्टेशनबाहेर केळी विकत घेतो आहे आणि खाणाखुणांनी एस. टी. स्टँड विचारतो आहे, हे दृश्य आम्हां जळगावकरांना नवे नाही. आपण पाहतो, हसतो, बोटाने रस्ता दाखवतो आणि आपल्या वाटेने जातो.

त्या दिवशी मात्र असा एक पाहुणा थेट आमच्या दारात आला. मामंजी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा एक जुना विद्यार्थी रिक्षा चालवीत असे. तो म्हणाला, "मास्तर, ही बाई तापाने फणफणली आहे. लॉजवाला ठेवून घेईना. हिचं बोलणं तुम्हांलाच कळेल." रिक्षात विशी-बाविशीची एक डच मुलगी डोळे मिटून बसली होती.

खरे सांगते, वाचकभगिनींनो, मी दारात आडवी उभी राहिले. कडेवर आठ महिन्यांचे बाळ. कोण, कुठली, कसला ताप? "हिला दवाखान्यात न्या," मी म्हटले. आणि त्यात माझे फार चुकले असे आजही मी म्हणणार नाही.

पण सासूबाई पुढे झाल्या. त्या धुळ्याकडच्या एका खेड्यातल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्यांनी त्या मुलीच्या कपाळावर हात ठेवला आणि मला एवढेच म्हणाल्या, की हिची माय तिकडे वाट पाहत असेल, तू आधी अंथरूण घाल. बाळाला त्यांनी वरच्या खोलीत हलवले, गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावले आणि चुलीवर पेज चढवली.

चार दिवस ती मुलगी आमच्याकडे राहिली. सासूबाई अहिराणीत बोलत, ती इंग्रजीत बोले, आणि दोघींचे कुठे अडत नसे! ताप उतरल्यावर तिने आमच्या ताटातले वांग्याचे भरीत मागून घेतले. डोळ्यांतून पाणी आले, तरी दुसऱ्यांदा घेतले. पाचव्या दिवशी मामंजींनी तिला एस. टी. ने अजिंठा दाखवून आणला. निघताना ती सासूबाईंना "माय" म्हणाली. तेवढा एक शब्द ती शिकली होती.

दोन महिन्यांनी हॉलंडहून पुडके आले. आत बाळासाठी लोकरीचे पायमोजे आणि त्या मुलीच्या आईचे पत्र. मामंजींनी ते वाचून सासूबाईंना मराठीत सांगितले. पोर तापात असताना आठ दिवस आपल्याला तिची काहीच खबर नव्हती, असे त्या माउलीने लिहिले होते. तेव्हा मी ते पत्र कौतुकाने ऐकले आणि विसरून गेले.

संक्रांतीनंतरच्या त्या पहाटे मी ट्रंक उघडून ते पत्र काढले. ज्या बाळासाठी मी दार अडवले होते, तेच बाळ आता परक्या दारांच्या भरवशावर निघाले होते. पत्र लिहिणारी ती बाई मला आज कळली, कारण आता तिच्या जागी मी उभी होते.

सकाळी लेकीला पत्र दाखवले. ती म्हणाली, "आणि आनंदीबाई गं?"

आनंदीबाई जोश्यांना पहिल्या स्त्री डॉक्टर म्हणून आपण सारेच ओळखतो. पण त्या गेल्या कोणाच्या भरवशावर? त्यांच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी केलेला पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला होता. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे खोळंबून बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. ना ओळख, ना देख. बाईंनी पत्र धाडले. त्यानंतर सुमारे तीन वर्षे पत्रे गेली आणि आली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाज सुटले. आनंदीबाईंना नुकतेच अठरावे वर्ष पुरे झालेले. जहाजावर मिशनरी स्त्रियांची सोबत होती, पण घरचे माणूस एकही नाही. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर मावशी घ्यायला हजर! पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि स्वदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. वय बावीससुद्धा पुरे नव्हते. त्यांच्या अस्थी अमेरिकेत मावशीकडे गेल्या आणि पोकीप्सी येथील कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. परक्या दारात पाहुणी म्हणून गेलेली मुलगी त्या घराचीच झाली.

"पण पोरी," मी म्हटले, "त्यांनी आधी तीन वर्षे पत्रे लिहिली होती. डोळे मिटून नव्हत्या गेल्या."

"मी तरी कुठे डोळे मिटून चालले आहे?" असे म्हणून तिने वही पुढे टाकली. कुठल्या गावी कुणाच्या घरी उतरायचे, आधी राहून गेलेल्या बायका काय सांगतात, आपल्या वकिलातीचा नंबर, सारे टिपलेले.

माझे माहेर धुळ्याचे. तिथल्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे वडील आम्हांला अभिमानाने सांगत. त्याच विनोबांकडे पुढे दोन तरुण आशीर्वाद मागायला गेले. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन. अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन अशी पदयात्रा करायची होती. विनोबांनी सल्ला दिला, जवळ पैसा बाळगू नका! त्यातले मर्म असे, की पैसा असला की माणूस खानावळ शोधतो, नसला की माणसांचे दार ठोठावतो. १९६२ साली ते दोघे निघाले आणि रोजची भाकरी आणि निवारा परक्यांच्या हातून घेत गेले. त्यांच्या वाटेत हा जॉर्जियाही लागला होता.

हे ऐकताच लेकीचे डोळे चमकले. मी घाईने म्हटले, "तू मात्र पैसे भरपूर ने!" दोन पुरुषांनी जोडीने केलेले व्रत एकट्या मुलीने जसेच्या तसे उचलू नये, असे मला वाटते. मग आमचा करार झाला. रोज रात्री एक निरोप. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम. आणि एखाद्या ठिकाणी मन कचरले, तर समोरच्याला वाईट वाटेल म्हणून थांबायचे नाही, सरळ निघायचे.

ती गेली. पहिल्याच दिवशी एका टॅक्सीवाल्याने दुप्पट पैसे उकळले. दहाव्या दिवशी डोंगरात पावसाने रस्ता बंद झाला आणि रात्री निरोप आला नाही. त्या रात्री यांनी आणि मी देवघरात दिवा तेवत ठेवला. बोललो मात्र काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. एका म्हाताऱ्या बाईने तिला घरात घेतले होते, ओले कपडे शेकोटीपाशी वाळवले होते आणि ऊन ऊन भाकर-चीज खाऊ घातले होते. "आई, तिची भाषा मला एक अक्षर कळली नाही," लेक म्हणाली. मी म्हटले, "कळली गं. आमच्या घरात तीच भाषा बोलत असत."

सासूबाई आज नाहीत. लेक परतल्यावर त्या म्हातारीचा पत्ता मी मागून घेतला, एक खण पुडक्यात घातला आणि पत्र लिहिले. लेक म्हणाली, "इंग्रजीत तरी लिही." पण मला जे सांगायचे होते ते मराठीतच उमटत होते. कुणीतरी अर्थ सांगेल तिला. सासूबाईंना तरी ते हॉलंडचे पत्र कुठे वाचता आले होते?

आता स्टेशनवरून येताना पाठीवर ओझे घेतलेली एखादी मुलगी दिसली, की मी थांबते आणि विचारते, "जेवलीस का?"