महागाचे बदाम करपवू नका. घरच्या कढईत असे भाजा खरपूस

दुपारच्या चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकायला हवं, पण रोज फरसाण नको, तळलेलं नको. अशा वेळी भाजलेले खारे बदाम आठवतात. दुकानातल्या तयार पाकिटाला कच्च्या बदामापेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात आणि त्यात मीठ किती, तेल कुठलं, हे आपल्या हातात राहत नाही. घरी मात्र पाव किलो बदाम, एक जाड बुडाची कढई आणि पंधरा मिनिटं एवढ्यात काम होतं. अडचण एकच. शेंगदाणे करपले तर फार वाईट वाटत नाही, बदाम करपले तर खिशाला लागतं. म्हणून भाजताना आत नेमकं काय घडतं, ते आधी समजून घेऊ.

भाजल्याने काय बदलतं?

बदामात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. 100 ग्रॅममागे सुमारे 21 ग्रॅम प्रथिनं आणि थोडं पाणीही असतं. कच्चा बदाम दाताखाली काहीसा चिवट लागतो, तो या पाण्यामुळे. मंद आचेवर पाणी निघून गेलं की बदाम कुरकुरीत होतो. उष्णता आणखी आत गेली की त्यातली प्रथिनं आणि साखर यांची प्रक्रिया होऊन खमंग वास सुटतो. भाकरीला तांबूस डाग पडतात, शेंगदाणे भाजताना घरभर वास जातो, त्यामागे हीच प्रक्रिया असते.

घाईने मोठी आच केली तर साल करपते आणि आतला गर कच्चाच राहतो. जास्त तापल्याने बदामातलं ई जीवनसत्त्वही कमी होतं. म्हणून मंद आच चवीसाठी हवी तशीच सत्त्वासाठीही हवी.

आधी निवडून घ्या

बाजारात मिळणारे सपाट, एकसारख्या आकाराचे बदाम बहुतेक कॅलिफोर्नियाचे असतात. आकार सारखा असल्याने ते एकाच वेळी भाजून होतात, त्यामुळे पहिल्यांदा करून बघणाऱ्यांनी हेच घ्यावेत. इराण-अफगाणिस्तानकडून येणारा मामरा वाकडातिकडा आणि जास्त तेलाचा असतो. गुरबंदी लहान असतो आणि त्यात अधूनमधून कडू दाणा निघतो. वेगवेगळ्या जातीचे बदाम एकत्र भाजू नका. लहान दाणे आधी करपतात.

ताटात पसरून बुरशी आलेले, काळे पडलेले, किडके दाणे बाजूला काढा. भाजलं की बुरशीचं विष जातं, असं समजू नका. ते पूर्णपणे जात नाही. एक-दोन दाणे चावूनही बघा. जुन्या तेलासारखा वास आला तर माल खवट झालाय, तो परत करा. एखादा दाणा जहाल कडू लागला तर थुंकून टाका. कडू बदामातल्या घटकापासून पोटात सायनाइड तयार होतं, त्यामुळे "एकच तर आहे" म्हणून गिळू नये.

कढईतली पद्धत

पाव किलो बदामासाठी अर्धा छोटा चमचा मीठ दोन-तीन मोठे चमचे गरम पाण्यात विरघळवा. बदाम त्यात घोळवून दहा मिनिटं ठेवा, मग निथळून कापडावर पसरा. कोरडं मीठ वरून भुरभुरलं तर ते खाली गळतं; मिठाचं पाणी मात्र सालीच्या सुरकुत्यांत शिरतं आणि वाळल्यावर मीठ तिथेच राहतं.

आता कढई मंद आचेवर तापवा आणि बदाम एका थरात मावतील एवढेच घाला. पहिली काही मिनिटं ओलावा उडण्यात जातात. त्यानंतर सतत हलवत दहा-बारा मिनिटं भाजा. साली तडतडू लागल्या आणि खमंग वास आला की लक्ष ठेवायची वेळ झाली.

बहुतेकांची फसगत इथेच होते. बदामाची साल मुळातच तपकिरी, त्यामुळे वरून रंग बघून काही कळत नाही. एक दाणा काढून सुरीने मधोमध कापा. आतला गर पांढरा असेल तर अजून वेळ आहे. फिकट बिस्किटी रंग आला की गॅस लगेच बंद करा. गडद होण्याची वाट बघू नका, कारण आतल्या तेलात उष्णता साठलेली असते आणि कढईतून काढल्यावरही बदाम काही वेळ भाजला जातो. म्हणून गरम कढईत न ठेवता लगेच परातीत पसरा. गरम असताना तो मऊच लागतो. कुरकुरीतपणा पूर्ण गार झाल्यावर येतो. "मऊ आहेत, अजून भाजूया" म्हणत पुन्हा गॅसवर चढवले की करपलेच म्हणून समजा.

ओव्हन असेल तर 160 अंशांवर 12 ते 15 मिनिटं, मध्ये एकदा हलवून.

मिठात भाजलेले

आपल्याकडे चुरमुरे-फुटाण्याच्या भट्टीत गरम वाळू वापरतात. तीच युक्ती घरी जाड मिठाने करता येते. लोखंडी कढईत दीड वाटी जाडं मीठ पाच मिनिटं तापवा, कोरडे बदाम घालून सहा-आठ मिनिटं हलवा आणि चाळणीने चाळून घ्या. मिठामुळे उष्णता सगळीकडून सारखी लागते. मीठ गार करून पुढच्या वेळी भाजायला ठेवा. नॉनस्टिक भांड्यात हा प्रयोग नको.

मसाला कधी घालायचा?

तिखट, हळद, साखर आधी घातली तर ती बदामाच्या आधी जळते. भाजून झाल्यावर, बदाम गरम असतानाच अर्धा चमचा तूप चोळा आणि मग मसाला लावा. इंदूरकरांकडे पोह्यांवरचं जिरावण असतंच, ते बदामावरही छान लागतं. इतरांना ताजी कुटलेली मिरी किंवा तिखट-आमचूर पुरे. जिरावणात मीठ असतं, तेव्हा आधीचं मिठाचं पाणी वगळा.

किती खावे, कोणी जपावे?

एका वेळी 20-23 दाणे, म्हणजे साधारण 28 ग्रॅम पुरेत. त्यातून सुमारे 165 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. वर दिलेल्या प्रमाणात मीठ सगळं चिकटलं तरी मूठभर बदामातून ते जेमतेम पाव-अर्धा ग्रॅम जातं. रक्तदाब असलेल्यांनी तेही टाळून नुसते भाजावेत.

पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खा बदाम देऊ नका. तो श्वासनलिकेत अडकू शकतो, आणि भाजलेला तर जास्तच कडक असतो. त्यांना पूड करून दुधातून द्या. बदाम खाल्ल्यावर कोणाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठा.

भिजवलेला चांगला की भाजलेला, हा वाद घराघरात आहे. भिजवलेला चावायला सोपा, म्हणून आजी-आजोबांना तोच बरा. भाजलेला टिकतो, डब्यात नेता येतो. सत्त्वाचा फरक फार मोठा नाही.

साठवण

पूर्ण गार झाल्यावरच काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. कोमट भरले तर वाफ धरून मऊ पडतात. भाजलेल्या बदामाचं तेल कच्च्यापेक्षा लवकर खवट होतं, म्हणून दोन आठवड्यांत संपतील एवढेच भाजा आणि उरलेले कच्चे फ्रिजमध्ये ठेवा. गोव्यासारख्या दमट हवेत किंवा पावसाळ्यात मऊ पडले तर टाकू नका. तीन-चार मिनिटं मंद आचेवर फिरवले की पुन्हा कुरकुरीत होतात. खवट झालेले मात्र कितीही भाजले तरी सुधारत नाहीत.