खिडकी बदलताना

(घराची जुनी खिडकी काढून तिच्या जागी नवी बसवणे हे काम सोपे वाटते. ते नीट झाले नाही, तर मात्र त्याचा त्रास घरातील सर्वांना अनेक वर्षे होतो. खिडकी कशी निवडावी, तिचे माप कसे घ्यावे आणि ती बसवताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या पाठात दिली आहे.)

तुम्ही ज्या खोलीत बसून हा पाठ वाचत आहात, त्या खोलीला खिडकी आहे ना? ती कोणत्या दिशेला आहे? दुपारी तिच्यातून ऊन येते की वारा? या प्रश्नांची उत्तरे अनेकांना चटकन देता येत नाहीत. खिडकी बिघडली, की मगच आपले तिच्याकडे लक्ष जाते. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि झडप लागत नाही. लोखंडी चौकट गंजते. काच फुटते आणि तिथे पुठ्ठा लावला जातो. मग एक दिवस घरात विषय निघतो, "आता खिडकी बदलूनच टाकू."

खिडकीला एकाच वेळी दोन प्रकारची कामे करावी लागतात. उजेड आणि वारा तिने आत घ्यायचे असतात. कडक ऊन, पाऊस, धूळ, डास आणि चोर यांना तिने बाहेर ठेवायचे असते. खिडकीशी संबंधित अनेक मराठी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. दरवाजा, पडदा, कारागीर हे शब्द फारसीतून उर्दूत आले, तसेच मराठीतही आले. काचेच्या झडपेला मराठीत 'तावदान' म्हणतात. हा शब्दही फारसी 'ताबदान' या शब्दावरून आला आहे.

आपल्या भागातील जुन्या कारागिरांनी खिडकीचा फार बारकाईने विचार केला होता. छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद शहरातील 'बीबी का मकबरा' तुम्ही पाहिला असेल. सतराव्या शतकातील या इमारतीत संगमरवराच्या कोरीव जाळ्या आहेत. अशा जाळीतून वारा येतो आणि उजेड मऊ होऊन येतो. आतील माणसाला बाहेरचे दिसते, पण बाहेरच्याला आतील फारसे दिसत नाही. तिथे काच नाही आणि वीजही लागत नाही.

खिडकी नसली, तर काय होते, हे इंग्लंडच्या इतिहासात दिसते. तेथे १६९६ साली घरांच्या खिडक्यांवर कर बसवण्यात आला. जितक्या खिडक्या जास्त, तितका कर जास्त. कर चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. खोल्या अंधाऱ्या आणि कोंदट झाल्या. याने लोकांची प्रकृती बिघडते, अशी तक्रार डॉक्टर करू लागले. शेवटी १८५१ साली हा कर रद्द झाला. उजेड आणि मोकळी हवा ही माणसाची गरज आहे, हे यावरून लक्षात येते.

आता समजा, तुमचे घर बिडकीनला आहे. बिडकीन हे पैठण तालुक्यातील मोठे गाव. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावर ते आहे. गावाजवळ मोठे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले असून २०२४ साली त्याचे लोकार्पण झाले. तुमच्या घराच्या दोन खिडक्या खराब झाल्या आहेत. त्या बदलण्यासाठी अब्बांनी थोडे पैसे बाजूला ठेवले आहेत. तुम्ही त्यांना मदत कशी कराल?

पहिला प्रश्न विचारा, खिडकी खरोखर बदलायलाच हवी का? जुनी चौकट सागवानाची असेल, तर घाई करू नका. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात खिळ्याचे टोक दाबून पाहा. टोक सहज आत गेले, तर लाकूड कुजले आहे किंवा त्याला वाळवी लागली आहे. टोक आत जात नसेल, तर लाकूड चांगले आहे. अशा वेळी बिजागऱ्या, कडी आणि काच बदलली, तरी काम भागते. असे झाले, तर बरेच पैसे वाचतात.

खिडकी बदलायचीच असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी भिंतीपाशी उभे राहा. दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या खिडकीजवळ हात धरून पाहा. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. काचेतून ऊन आत येते, जमीन व भिंती तापतात आणि ती उष्णता आतच अडकून राहते. आतून पडदा लावला, तरी ऊन काचेच्या आत आलेलेच असते. म्हणून ऊन बाहेरच अडवावे. खिडकीवर छज्जा असावा किंवा बाहेरून चटई सोडावी. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या खिडकीला पावसाचा मारा जास्त बसतो. तिथे झडपा घट्ट लागणारी खिडकी हवी. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असतील, तर वारा खोलीतून आरपार वाहतो.

खिडकी किती मोठी असावी, याचेही गणित आहे. कोरड्या व उष्ण हवेच्या प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश असावे, असे राष्ट्रीय इमारत संहितेत सांगितले आहे. खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद असेल, तर तिचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट होते. म्हणजे खिडकी किमान १२ चौरस फुटांची हवी. ४ फूट रुंद व ३ फूट उंच खिडकी बरोबर तेवढी भरते. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हल्ली अनेक घरांत दोन सरकत्या काचांची खिडकी बसवतात. ती एका वेळी निम्मीच उघडते. म्हणजे वाऱ्याला वाट मिळते फक्त ६ चौरस फुटांची. बिजागरीची खिडकी मात्र पूर्ण उघडते. जिथे जागा अरुंद आहे किंवा झडप रस्त्यावर येते, तिथे सरकती खिडकी सोयीची. जिथे वारा हवा, तिथे झडपांची खिडकी बरी.

खिडकी कशाची घ्यावी? लाकूड दिसायला सुंदर असते, पण त्याची निगा राखावी लागते. लोखंड मजबूत असते, पण रंग उडाला की गंजते. अ‍ॅल्युमिनियम हलके असते आणि त्याला गंज चढत नाही, पण उन्हात ते लवकर तापते. यू.पी.व्ही.सी. हा कडक प्लास्टिकचा प्रकार आहे. त्याला गंजही चढत नाही आणि वाळवीही लागत नाही. लहान मुले असलेल्या घरात टफन्ड काच घ्यावी. ती फुटली, तर तिचे धारदार सुरे होत नाहीत, बारीक बोथट तुकडे होतात. ही काच तयार झाल्यावर कापता येत नाही. म्हणून तिचे माप आधीच अचूक द्यावे लागते. काचेबरोबर डासांची जाळीही मागून घ्या. डेंग्यूचा डास दिवसाही चावतो, हे विसरू नका.

आता माप घेऊ. जुन्या घराची भिंत क्वचितच सरळ असते. म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. उंचीही डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजा. जे माप सर्वांत लहान, तेच खरे धरा. समजा, रुंदी वर ४ फूट, मध्ये ३ फूट ११ इंच ६ सूत आणि खाली ३ फूट ११ इंच ४ सूत भरली. एका इंचाचे आठ सूत होतात. यांत सर्वांत लहान माप ३ फूट ११ इंच ४ सूत. दोन्ही बाजूंना मिळून ३ सूत जागा सोडावी. म्हणजे खिडकीची रुंदी ३ फूट ११ इंच १ सूत ठेवावी. नंतर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे माप घ्या. दोन्ही कर्ण सारखे असतील, तर जागा काटकोनात आहे. भूमितीचा उपयोग असा घरातच होतो.

माप झाले, की दोन दुकानांतून भाव घ्या. दुकानदार दर चौरस फुटावर सांगतात. समजा, दोन खिडक्या मिळून २४ चौरस फूट आहेत. पहिला दुकानदार ४५० रुपये दर सांगतो, पण जाळीचे १,८०० आणि बसवण्याचे १,५०० रुपये वेगळे घेतो. दुसरा सर्व मिळून ५६० रुपये दर सांगतो. पहिल्याचा खर्च १०,८०० अधिक ३,३००, म्हणजे १४,१०० रुपये होतो. दुसऱ्याचा १३,४४० रुपये होतो. जो भाव ऐकायला स्वस्त वाटला, तोच महाग निघाला! म्हणून काचेची जाडी, जाळी, कडी, वाहतूक, बसवणे आणि कर यांपैकी दरात काय काय धरले आहे, ते लिहून घ्यावे.

जुनी चौकट काढणे हे सर्वांत जपून करण्याचे काम आहे. दगड-मातीच्या जुन्या घरात काही वेळा चौकटीवर भिंतीचा भार आलेला असतो. आधार न देता चौकट काढली, तर वरचे दगड खाली येऊ शकतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील दगड-मातीची असंख्य घरे कोसळली आणि हजारो माणसे दगावली. अशा भिंती जड असतात, पण त्यांचे दगड एकमेकांना घट्ट बांधलेले नसतात. म्हणून अनुभवी गवंड्याला दाखवल्याशिवाय अशा भिंतीतील खिडकी मोठी करू नये. कोपऱ्याजवळ नवी खिडकी पाडू नये. काम चालू असताना लहान मुलांना दूर ठेवावे.

खिडकी बसवण्याचे काम मृग नक्षत्राच्या आधी, कोरड्या दिवसांत उरकावे. मिस्त्री नवी चौकट जागेत ठेवतो. उभी बाजू ओळंब्याने आणि आडवी बाजू पाणसळीने तपासतो. मगच तो स्क्रू घट्ट करतो. ओळंबा लावायला पाच मिनिटे लागतात. तो लावला नाही, तर काच आपोआप सरकते किंवा झडप कायमची अडकते. चौकट आणि भिंत यांच्यामधील फट सिलिकॉनने बुजवतात. फट मोठी असेल, तर आधी सिमेंट भरावे. खिडकीखालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूने उतार हवा. नाहीतर पाणी आत येते आणि भिंतीला ओल धरते. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत बारीक छिद्रे असतात. ती पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी असतात. घाण समजून ती कधीही बुजवू नका.

मिस्त्री जाण्यापूर्वी स्वतः तपासणी करा. प्रत्येक झडप दहा वेळा उघडून लावून पाहा. बाहेरून बादलीभर पाणी मारा आणि आत थेंब येतो का, ते बघा. चोरांसाठी गज हवेतच, पण घरातील एका तरी खिडकीचे गज आतून उघडता यावेत आणि त्याची किल्ली जवळच असावी. आग लागली, तर तीच वाट उपयोगी पडते. शेवटी पक्की पावती घ्या. त्या पावतीच्या आधारे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पावती नसेल, तर आपली बाजू लंगडी पडते.

मित्रांनो, घराचे काम मोठ्या माणसांचे, असे म्हणून बाजूला बसू नका. फूटपट्टी, दोरा आणि वही तुमच्याजवळ आहेत. क्षेत्रफळ तुम्हांला काढता येते. खिडकी विकत मिळते दुकानात, पण ती निवडायची असते आपल्या भिंतीपाशी उभे राहून. ऊन कुठून येते, वारा कुठून येतो आणि त्या खोलीत कोण झोपते, हे दुकानदाराला ठाऊक नसते. ते तुम्हांला ठाऊक असते.

शब्दार्थ

झडप – खिडकीचे दार, पट
बिजागरी – झडप फिरवणारा लोखंडी सांधा, कब्जा
वाळवी – लाकूड खाणारा किडा, दीमक
गज – लोखंडी सळई, सलाख
छज्जा – खिडकीवर पुढे आलेला भाग
ओळंबा – उभी रेषा तपासण्याचे साधन, साहूल
पाणसळ – आडवी पातळी तपासण्याचे साधन
ओल – ओलसरपणा, नमी
कोंदट – मोकळी हवा नसलेले
निगा राखणे – काळजी घेणे
बाजू लंगडी पडणे – म्हणणे कमजोर ठरणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'तावदान' हा शब्द कोणत्या शब्दावरून आला आहे?
(आ) इंग्लंडमधील खिडक्यांवरील कर कधी रद्द झाला?
(इ) सरकत्या खिडकीच्या पट्टीतील छिद्रे कशासाठी असतात?

२. कारणे लिहा.
(अ) रुंदी तीन ठिकाणी मोजावी.
(आ) दगड-मातीच्या भिंतीतील चौकट जपून काढावी.

३. तुमच्या वर्गाची लांबी, रुंदी आणि खिडक्यांची मापे घ्या. खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या एक दशांश आहे का, ते काढा.

४. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.