एपिसोडचा मजकूर: क्रूझवर घड्याळ घेतलं आणि 'ड्युटी-फ्री'चा अर्थ कळला

ज्यांना ऑफिसात बसून ऐकता येत नाही किंवा ज्यांचा एक इअरबड कायमचा हरवलाय, त्यांच्यासाठी हा या वेळच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कापलेत, बाकी तसंच ठेवलंय.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. क्रूझवर घड्याळं खरंच स्वस्त मिळतात का? मला याचं उत्तर माहीत आहे, कारण मी त्यासाठी पैसे मोजलेत. आज सगळा हिशोब सांगतो, माझी चूक धरून.

फोन चुकला, एचएमटी बरोबर

जानेवारी २०२४. मी, बायको, आई आणि बाबा. सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ होती: पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. बाबा नुकतेच एसटीतून रिटायर झाले होते. बरीच वर्षं कंडक्टर, शेवटची काही वर्षं वाहतूक नियंत्रक. त्यांच्या हातात एचएमटी जनता. चावीचं घड्याळ, बॅटरी नाही. रोज सकाळी चहाच्या आधी चावी देणार म्हणजे देणार.

फुकेतला आमचं जहाज धक्क्याला लागलं नाही, समुद्रात नांगर टाकून उभं राहिलं. अशा वेळी छोट्या बोटींनी लोकांना किनाऱ्यावर नेतात, त्यांना टेंडर म्हणतात. परतीची शेवटची टेंडर साडेचारला होती. आम्ही पातोंगच्या किनाऱ्यावर शहाळं पीत बसलो होतो. फोनवर तीन वीस. तासभर हातात आहे म्हणून मी निवांत.

बाबा म्हणाले, "अरे, चार वीस झाले. उठा."

मी म्हणालो, "बाबा, तुमचं घड्याळ पुढे गेलंय. मोबाइल कधी चुकत नाही."

मोबाइल चुकला नव्हता, पण उपयोगाचाही नव्हता. थायलंडची वेळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. किनाऱ्यावर उतरल्यावर फोनने तिथलं नेटवर्क पकडलं आणि आपोआप थायलंडची वेळ लावली. आमच्या जहाजाने मात्र पूर्ण प्रवासात सिंगापूरचीच वेळ ठेवली होती, आणि परत यायची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाने धरतात. बाबांनी सिंगापूरला एकदा घड्याळ लावलं ते लावलं. आम्ही चौघं पळालो. आईची चप्पल हातात, माझं शहाळं तिथेच. टेंडर मिळाली.

पहिली गोष्ट इथेच लिहून ठेवा. क्रूझवर जाताना साधं मनगटी घड्याळ न्या, जहाजाची वेळ लावा आणि ती बदलली असं जहाजावर जाहीर होईपर्यंत हात लावू नका. नाहीतर फोनमधलं ऑटोमॅटिक टाइम झोन बंद करा. हजार रुपयांचं डिजिटल घड्याळसुद्धा हे काम करतं.

मी मात्र त्या रात्री ठरवलं की बाबांना मस्त घड्याळ घ्यायचं.

समुद्रावरचा दिवस म्हणजे सेलचा दिवस

फुकेतनंतरचा अख्खा दिवस समुद्रात होता. जहाजावरची दुकानं बंदरात असताना साधारण बंद असतात, कारण तिथे त्या देशाचे कर आणि कस्टमचे नियम लागतात. जहाज बंदर सोडून दूर गेलं की शटर वर. म्हणजे ज्या दिवशी उतरायला जागा नाही, त्याच दिवशी दुकान पूर्ण वेळ उघडं.

मी एक स्विस ऑटोमॅटिक पाहिलं. टॅगवर १,३०० डॉलर खोडलेले, खाली ९०० डॉलर. "आज शेवटचा दिवस," सेल्समन म्हणाला.

आता मी सॉफ्टवेअरवाला. रोज दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधतो. इथे तीन बग समोर होते आणि मला एकही दिसला नाही.

पहिला, खोडलेली किंमत. आपल्याला पाकिटावर एमआरपी बघायची सवय आहे. तिकडे एमआरपी ही भानगडच नसते. १,३०० हा दुकानाने लिहिलेला आकडा होता, त्यावरून सूट किती मिळाली हे ठरवता येत नाही.

दुसरा, नेट. वाय-फायचं पॅकेज महाग म्हणून आम्ही घेतलंच नव्हतं. त्यामुळे हेच मॉडेल पुण्यात केवढ्याला मिळतं हे बघायची सोय नाही.

तिसरा, 'ड्युटी-फ्री' हा शब्द. माझ्या डोक्यात त्याचा अर्थ होता, कर नाही, संपला विषय. खरा अर्थ असा: *विकण्याच्या जागी* लागणारा कर नाही. तुम्ही ती वस्तू घेऊन ज्या देशात शिराल, त्या देशाचा कर तिथे तुमची वाट बघत उभा असतो.

मी कार्ड दिलं.

आता खरा हिशोब

तेव्हा डॉलर साधारण ८३ रुपये होता. ९०० गुणिले ८३ म्हणजे ७४,७०० रुपये. पुढे एकेक भर पडत गेली.

*कार्ड.* माझ्या कार्डावर परदेशी चलनासाठी ३.५ टक्के मार्कअप होता आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. दोन्ही मिळून सुमारे ३,१०० रुपये. हा आकडा दुकानाच्या बिलावर येत नाही, महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये येतो.

*सिंगापूर.* जहाजावरून उतरलो की आपण सिंगापूरमध्ये शिरतो, आणि तिथेही मर्यादा आहे. ४८ तास किंवा जास्त बाहेर राहून आलेल्या प्रवाशाला ५०० सिंगापूर डॉलरपर्यंतचा नवा माल माफ, त्यावरच्या रकमेवर जीएसटी. तो १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के झाला होता. आमचं घड्याळ साधारण १,२०० सिंगापूर डॉलरचं. वरच्या सातशेवर सुमारे ६३ डॉलर, म्हणजे ३,९०० रुपये.

*मुंबई.* तेव्हाच्या नियमाने विमानाने परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचा माल माफ होता. वरच्या रकमेवर ३८.५ टक्के. हा विचित्र आकडा कुठून येतो? ३५ टक्के मूळ ड्युटी, आणि त्या ड्युटीच्या १० टक्के सेस, म्हणजे आणखी साडेतीन. ७४,७०० वजा ५०,००० म्हणजे २४,७००. त्याचे ३८.५ टक्के, साधारण ९,५०० रुपये. कस्टमचा डॉलरचा दर थोडा वेगळा असतो, पण अंदाज हाच.

बायको म्हणाली, "चौघांचे मिळून दोन लाख होतात ना? मग एका घड्याळाचं काय?"

मलाही तसंच वाटलं होतं. तसं होत नाही. मर्यादा माणशी असते आणि ती एकत्र करता येत नाही. एका वस्तूचे चार भाग करून चौघांच्या नावावर टाकता येत नाहीत.

एकूण: ७४,७०० अधिक ३,१०० अधिक ३,९०० अधिक ९,५००. म्हणजे ९१,२०० रुपये.

घरी आल्यावर लक्ष्मी रोडच्या एका अधिकृत विक्रेत्याकडे विचारलं. तेच मॉडेल, सूट धरून ८४,००० रुपये. सेलमधलं घड्याळ मला ७,२०० रुपयांनी महाग पडलं.

"हातात घाला, खोका फेका"

जहाजावरच्या सेल्समनने एक सल्ला दिला होता. घड्याळ हातात घाला, खोका फेकून द्या, कोणी विचारत नाही. मुंबईत बॅगा घेताना मी तो बाबांना सांगितला. घड्याळ त्यांच्याच हातात होतं.

बाबा थांबले. "या वेळच्या प्रवासात घेतलंय ना?"

"हो."

"मग लाल चॅनेल."

आणि गेलेसुद्धा. नियमही तसाच आहे. घरून नेलेलं जुनं घड्याळ वापरातली वस्तू धरतात. त्याच प्रवासात नवीन घेतलेलं महाग घड्याळ हातात घातलं म्हणून जुनं होत नाही. न सांगता हिरव्या चॅनेलमधून गेलात आणि सापडलात तर वस्तू जप्त होऊ शकते, वर दंड. शिवाय खोका आणि बिल फेकलं तर वॉरंटी कसली मागणार?

काउंटरवर बिल वाचलं गेलं तेव्हा बाबांना पहिल्यांदा किंमत कळली. ड्युटी मी भरली. पुण्याला येताना एक्सप्रेसवेवर ते बराच वेळ गप्प होते. खालापूरला चहा प्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "वेबिल आणि कॅशमध्ये पाच रुपयांचा फरक आला तरी डेपोत उत्तर द्यावं लागायचं. तू तर बेरीजच केली नाहीस."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. मला भेट द्यायची होती आणि मी त्यांना हिशोब दिला, तोही चुकलेला.

मग क्रूझवर घड्याळ घ्यायचंच नाही का?

असं मी म्हणत नाही. स्विस घड्याळं भारतात महाग असण्यामागे आयात शुल्क आणि जीएसटी हे मोठं कारण आहे, त्यामुळे बाहेर टॅगवरची किंमत खरंच कमी असू शकते. घड्याळ दोन्ही देशांच्या माफीच्या आत बसत असेल आणि बाकी फारशी खरेदी नसेल, तर फायदा होऊ शकतो. इथे न मिळणारं मॉडेल असेल तर प्रश्नच वेगळा. फक्त लक्षात ठेवा, चॉकलेटं, परफ्यूम, भाच्याचं खेळणं, सगळं त्याच एका मर्यादेत मोजलं जातं.

निघण्याआधी, घरी नेट असताना, एवढं करा:

१. आवडलेल्या दोन-तीन मॉडेलचे पूर्ण नंबर आणि इथल्या अधिकृत दुकानातला भाव यांचे स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. नाव सारखं असून आतलं यंत्र वेगळं असू शकतं, म्हणून नंबर पूर्ण हवा.

२. माफीची मर्यादा आणि ड्युटीचा दर त्याच आठवड्यात सीबीआयसीच्या साइटवर बघा. माझे आकडे जानेवारी २०२४ चे आहेत, हे नियम बदलत राहतात. वाटेत उतरायच्या देशाचेही बघा.

३. कार्डाचा फॉरेक्स मार्कअप किती ते बघा.

४. नोट्स ॲपमध्ये एक ओळ लिहा: टॅग + कार्ड + वाटेतला कर + भारतातली ड्युटी. ही बेरीज इथल्या भावापेक्षा चांगल्या फरकाने कमी आली तरच पुढे जा.

दुकानात काय बघायचं? विक्रेता त्या ब्रँडचा अधिकृत आहे का आणि वॉरंटी ब्रँडची आहे की दुकानाची, हे सरळ विचारा. दुकानाची असेल तर दुरुस्तीसाठी पुन्हा जहाज गाठणार का? वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का आणि सीरियल नंबर हवा, आणि तो नंबर घड्याळावरच्या नंबरशी तिथेच जुळवा. ती वॉरंटी भारतात चालते का, हेही विचारा.

'३० मीटर वॉटर रेझिस्टंट' लिहिलंय म्हणून जहाजाच्या पूलमध्ये उडी मारू नका. तो आकडा प्रयोगशाळेतल्या दाबाचा असतो. ३० मीटर म्हणजे हात धुणं आणि पावसाचे थेंब. पोहायचं असेल तर १०० मीटरचं बघा.

आणि ऑटोमॅटिक म्हणजे अचूक, असंही नाही. साध्या क्वार्ट्झ घड्याळात एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, म्हणजे दोनचा पंधरावा घात. सर्किट त्याला पंधरा वेळा अर्धं करतं आणि बरोबर एक सेकंद मिळतो. स्प्रिंगवर चालणारं ऑटोमॅटिक दिवसाला काही सेकंद इकडेतिकडे होतंच, लाखाचं असलं तरी. ते आवडतं म्हणून घ्यायचं, वेळेसाठी नाही.

सध्याची स्थिती

नवीन घड्याळ बाबा लग्नाकार्यात घालतात. कोणी विचारलं तर "पोराने घेतलं" एवढंच सांगतात, किंमत सांगत नाहीत. बाकी दिवशी एचएमटी. ऑटोमॅटिक न घालता दोन-तीन दिवस ठेवलं की बंद पडतं, म्हणून रोज सकाळी एचएमटीला चावी देताना ते त्यालाही वेढे देतात. मी त्यांना म्हटलं, एवढं कशाला, घालायच्या दिवशी वेळ लावली की झालं. म्हणाले, "ड्युटी भरलीय ना, मग चालू राहू दे."

तुमच्यापैकी कोणी परदेशातून घड्याळ आणलं असेल तर पूर्ण बेरीज करून मला व्हॉइस नोट पाठवा, टॅगवरची किंमत नको. पुढच्या भागात निवडक वाजवू. भेटू मग, आणि फुकेतला गेलात तर फोनवर विसंबून शहाळं पीत बसू नका.