द्विप्रणाली संगणकातील वेब सर्व्हरचे दोषशोधन

संगणकाची यंत्रसामग्री व तीवर चालणारे कार्यक्रम यांच्यात मध्यस्थाचे काम करणाऱ्या कार्यक्रमसंचास परिचालन प्रणाली, व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणतात. एकाच डिस्कच्या निरनिराळ्या विभागांत अशा दोन प्रणाली बसविता येतात व संगणक सुरू करताना त्यांपैकी एक निवडता येते. मागणीनुसार वेब पृष्ठे पाठविणारा कार्यक्रम म्हणजे वेब सर्व्हर. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत १९९० मध्ये पहिला वेब सर्व्हर चालविला. सध्या प्रचारात असलेल्यांपैकी अपॅची १९९५ पासून, तर एन्जिनएक्स २००४ पासून उपलब्ध आहे.

पहिल्या प्रणालीत सुरळीत चालणारा सर्व्हर दुसरी प्रणाली बसविल्यावर बंद पडणे, ही नेहमी आढळणारी तक्रार आहे. अशा वेळी सर्व्हरचा कार्यक्रम स्वतः क्वचितच बिघडलेला असतो. वेळ, पत्ता, फाइलींची मालकी व नावे यांविषयी तो काही गोष्टी गृहीत धरून चालतो. त्यांतील एखादी बदललेली असते. म्हणून सर्व्हर काढून टाकून पुन्हा बसविणे बहुधा निरुपयोगी ठरते. घाईने तसे केल्यास मांडणीच्या फाइली व साठविलेली माहिती नष्ट होऊन मूळ दोषाहून मोठी हानी होते.

आरंभ : प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, या पद्धतीत एका वेळी एकच प्रणाली चालू असते. विंडोज चालू असताना लिनक्समधील सर्व्हर निद्रिस्तही नसतो. तो अस्तित्वातच नसतो. दुसरी गोष्ट आरंभक कार्यक्रमाची. जुन्या पद्धतीच्या संगणकांत डिस्कच्या ५१२ बाइटांच्या पहिल्या खंडातील ४४६ बाइटांत आरंभक राहत असे. नंतर बसविलेली विंडोज तो पुसून आपला लिही व लिनक्स जणू नाहीशी झाल्यासारखी वाटे. यूईएफआय पद्धतीच्या संगणकांत बहुधा केवळ आरंभाचा क्रम बदलतो व तो पूर्ववत करता येतो. दोन्ही प्रसंगी लिनक्सचा विभाग शाबूत असतो. नव्या प्रणालीने स्वॅप विभाग पुन्हा आखला असल्यास त्याचा ओळख-क्रमांक बदलतो, जुनी प्रणाली सु. ९० सेकंद त्याची वाट पाहते व सर्व्हर उशिरा सुरू होतो.

घड्याळ : भारतात हा दोष विशेष ठळकपणे दिसतो. संगणकात बॅटरीवर चालणारे एक घड्याळ असते. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासूनच्या परंपरेस अनुसरून विंडोज त्या घड्याळात स्थानिक प्रमाणवेळ ठेवते. लिनक्स मात्र त्यात जागतिक समन्वित वेळ आहे असे मानते. उंब्रज (ता. कऱ्हाड, जि. सातारा) येथे सकाळी १० वाजता विंडोजमधून लिनक्समध्ये गेल्यास लिनक्स दुपारचे ३ वाजून ३० मिनिटे दाखविते. उलट लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यास पहाटेचे ४ वाजून ३० मिनिटे झालेली दिसतात. (उंब्रजची सौर वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सु. अर्धा तास मागे आहे. संगणकास त्याचे सोयरसुतक नसते.) चूक नेमकी साडेपाच तासांची असेल, तर अन्य कारण शोधण्याची गरज नाही.

या चुकीचे परिणाम दूरवर पोहोचतात. दर ३० सेकंदांनी बदलणारे एकवार वापराचे संकेतांक सर्व्हर नाकारतो व वापरणाऱ्यास आपला संकेतशब्दच चुकला असे वाटते. त्याच संगणकावर पृष्ठ उघडून पाहिल्यास नुकतेच मिळालेले सुरक्षा प्रमाणपत्र ‘अद्याप लागू नाही’ असे ठरू शकते. घटनांच्या नोंदवहीतील क्रम उलटसुलट होतो. इंटरनेटशी संपर्क होताच प्रणाली आपली वेळ दुरुस्त करून घेते, त्यामुळे दोष झाकला जातो. पण सर्व्हर त्यापूर्वीच सुरू झालेला असल्यास नोंदवहीच्या पहिल्या काही ओळी साडेपाच तास पुढच्या व नंतरच्या एकदम मागे आलेल्या आढळतात. ही खूण निदानास फार उपयोगी पडते. दोन्ही प्रणालींस एकच रीत पाळावयास लावणे, हा उपाय होय. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवावयास सांगता येते. तथापि विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून तिला जागतिक वेळ मानावयास लावणे अधिक श्रेयस्कर.

मालकी व अनुमती : लिनक्समध्ये फाइलीचा मालक नावाने नव्हे, तर क्रमांकाने नोंदलेला असतो. डेबियनमध्ये वेब सर्व्हरच्या खात्याचा क्रमांक ३३, तर फेडोरात ४८ आहे. डेबियनखाली तयार केलेला पृष्ठसंग्रह फेडोरास जोडल्यास त्याचा मालक तिला परका ठरतो. सर्वांस वाचनाची मुभा असलेली पृष्ठे दिसतात, परंतु नवे छायाचित्र चढविता येत नाही. हा अर्धवट बिघाड पूर्ण बिघाडापेक्षा अधिक फसवा असतो. शिवाय फेडोरातील एसई-लिनक्स ही संरक्षक यंत्रणा फाइलींवरील खुणा तपासते. दुसऱ्या प्रणालीने लिहिलेल्या फाइलींवर त्या नसतात. परिणामी अनुमती बरोबर असूनही ४०३ क्रमांकाचा नकार मिळतो. खुणा पुन्हा उमटविल्याने तो दूर होतो. सर्वांस सर्व अनुमती देऊन टाकण्याची प्रथा सोपी खरी, पण धोकादायक आहे.

पृष्ठे विंडोजच्या विभागात ठेवली असल्यास आणखी एक अडचण येते. विंडोज ८ पासून (२०१२) संगणक बंद करताना प्रणालीचा काही भाग शीघ्र आरंभासाठी जतन केला जातो. तो विभाग खऱ्या अर्थाने बंद झालेला नसल्याने लिनक्स त्यास केवळ वाचनासाठी जोडते किंवा जोडतच नाही. शीघ्र आरंभाची सोय बंद करणे हाच येथे उपाय.

नावे : रोमन लिपीतील लहान व मोठ्या अक्षरांत लिनक्स भेद मानते, विंडोज सामान्यतः मानत नाही, त्यामुळे एकीकडे सापडणारे पृष्ठ दुसरीकडे ४०४ क्रमांकाची त्रुटी देते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने हा प्रश्न उद्‌भवत नाही, पण तेथील अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘कऱ्हाड’ या नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेतांकाने, तसाच ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येतो. डोळ्यांस दोन्ही रूपे एकच दिसतात. मॅक संगणकांवरील एचएफएस प्लस ही १९९८ मध्ये आलेली फाइल-व्यवस्था असे नाव दुसऱ्या रूपात साठविते. लिनक्स मात्र दोन्ही रूपे भिन्न मानते. मॅकवर केलेला फाइलींचा गठ्ठा लिनक्समध्ये उलगडल्यास ‘कऱ्हाड’ नावाची फाइल समोर दिसत असूनही सर्व्हरला सापडत नाही. नाव लिनक्समध्येच पुन्हा टंकित केल्यास बहुधा काम भागते.

जाळे : राउटर प्रत्येक यंत्रास आयपी पत्ता देतो, पण दोन प्रणाली स्वतःची ओळख निरनिराळ्या प्रकारे देत असल्यास एकाच संगणकास दोन पत्ते मिळतात. बाहेरून येणारी मागणी राउटर जुन्याच पत्त्याकडे पाठवीत राहतो. संगणकावरूनच मागितलेले पृष्ठ मिळते, शेजारच्या यंत्रास मात्र मिळत नाही, असे असेल तर पत्ता व संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, यांकडे पाहावे. संपर्क तत्काळ नाकारला गेल्यास सर्व्हर चालू नसण्याचा संभव असतो. उत्तराची वाट पाहत मुदत संपल्यास मागणी वाटेतच अडल्याचा. ४०३ वा ४०४ हा क्रमांक दिसला, तर एखादा सर्व्हर निश्चित चालू आहे. तो आपलाच आहे ना, एवढे पाहावे.

हा शेवटचा प्रश्न आभासी यंत्रांमुळे उद्‌भवतो. त्यांत एक प्रणाली दुसरीच्या पोटात चालते व दोन्ही एकाच वेळी जाग्या असतात. वेब सर्व्हर सामान्यतः ८० क्रमांकाच्या पोर्टवर आणि सुरक्षित संपर्कासाठी ४४३ वर मागणी ऐकतो. विंडोजमधील आयआयएस सर्व्हरने ८० क्रमांक आधीच घेतला असल्यास त्याच पत्त्यावरील तो क्रमांक आतील अपॅचीस उपलब्ध होत नाही व पाहणाऱ्यास विंडोजचे स्वागतपृष्ठ दिसते. अशा वेळी एकास ८०८० हा क्रमांक देतात, किंवा आभासी यंत्रास राउटरकडून स्वतंत्र पत्ता मिळवून देतात.