स्वस्त लेसर मुद्रकाचा खरा खर्च

पोखर्णीसारख्या गावी सातबारा, दाखले छापून देणाऱ्यास लेसर मुद्रकाची अल्प किंमत मोहात पाडते. परंतु तीवरून खर्चाचा अंदाज बांधणे भ्रामक होय. अशा यंत्रासोबतच्या पहिल्या कार्ट्रिजमध्ये टोनर पुष्कळदा कमीच भरलेला असतो. कार्ट्रिजची जाहीर पृष्ठसंख्या ठरविताना पृष्ठाचा सुमारे ५ टक्के भागच छापलेला धरतात. दाट कोष्टकांनी तो १० टक्के झाल्यास पृष्ठे जवळजवळ निम्मी भरतात. शिवाय ड्रम व टोनर वितळविणारा तप्त रूळ झिजतात. त्यांच्या दुरुस्तीस परभणी गाठावी लागली, तर त्या दिवसाची मिळकतही बुडते. यास्तव यंत्र, टोनर व दुरुस्ती यांच्या एकूण खर्चास अपेक्षित पृष्ठसंख्येने भागून येणारा प्रतिपृष्ठ खर्च हाच निवडीचा निकष मानावा.